सुटलेली जोडी

"आजी, घरी सगळ्यांना नीट समजावून सांगा," डॉक्टरीणबाई द्वारकाबाईंना म्हणाल्या होत्या. "तुमच्या घराण्यात 'बी' रक्तगट आणि फुटकी नखं जोडीनं येतात, कारण दोन्हींची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी आहेत. दहातल्या एखाद्या बाळात ती जोडी सुटते. तुमच्या नातवाची सुटली, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मुलगा ट्रकवरून परतला आणि बाळाचा रिपोर्ट बघून सुनेवर धावला. "रक्तगट माझा, मग नखं माझ्यासारखी का नाहीत गं?"

"आईंना विचारा. त्या गेल्या होत्या डॉक्टरांकडे."

"आई, आपल्यात असं कधी झालंय?"

द्वारकाबाईंचं सोमवारचं मौन दिवेलागणीला सुटायचं होतं. कधीच झालं नव्हतं, म्हणून त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाकीचं दिवे लागल्यावर सांगू, असं त्यांना वाटलं.

"मग कुणाचं आणलंस हे?" म्हणत त्यानं वरवंटा सुनेच्या हातावर घातला, मग डोक्यात. द्वारकाबाई ओरडल्या, "अरे, तुझंच आहे ते!" तोवर भिंत रक्तानं माखली होती.

दवाखान्यात शुद्धीवर येताच सून म्हणाली, "पोलिसांपुढे तरी बोलाल?"

"बोलेन. देवाशपथ."

सकाळची पूजा तशीच ठेवून द्वारकाबाईंनी नातवाला शेजारणीकडे दिलं आणि पायात चपला सरकवून त्या चौकीकडे निघाल्या.