गिअर बसेपर्यंत

"परत थांबलात?" मागच्या सीटवरून सोनूबाई कडाडल्या. "अजून रोहा यायचंय. तिकडं म्हसळ्याला पोरगा विमान पकडायला निघंल!"

 धर्माजी उतरले, जीपच्या मागे वाकले आणि चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला तळहात लावला. गरम. हात काळा झाला, वर वाळू चिकटली.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ओढून त्या गोळ्यातल्या गिअरचे, म्हणजे डिफरन्शियलचे, दात झिजले होते. कालच ते बदलायला जीप कुलदीप मिस्त्रीकडे नेली होती. आत धूळ जायला नको म्हणून त्याने शटर ओढून घेतलं, धर्माजींनाही बाहेर ठेवलं. मग बजावलं, "काका, नवे दात एकमेकांना बसायला वेळ लागतो. चाळीसच्या वर न्हाय जायचं. गरम झालं की थांबायचं, निवू द्यायचं. न्हायतर सगळं फुटंल."

जीप म्हणजे धर्माजींचा जीव. लेकीसाठी बघितलेल्या मुलाच्या दारात रिक्षाने उतरणं त्यांना शोभणार नव्हतं. आणि मुलगा दुबईचा. आज उडाला की दोन वर्षं येणार नव्हता. राहीचं लग्न जमवायचं तर आजच.

आईशेजारी राही खिडकीबाहेर बघत निवांत शेंगा खात होती.

गाडी निघाली. जरा वेग धरला तोच सोनूबाई म्हणाल्या, "काहीतरी घुंऽऽ वाजतंय का? मला मेलीला काय कळतंय म्हणा!"

वाजत होतं. धर्माजींनी ब्रेक मारला.

"थांबा, थांबा! पोरीपेक्षा गिअर लाडके!" म्हणत सोनूबाईंनी डबा उघडला. कांदेपोहे खायला निघालेल्या माणसांनी घरून घावणे आणि सुकटीची चटणी कशाला घ्यावी, हे धर्माजींनी विचारलं नाही. वैतागाने भूक लागते. त्यांनी चार घावणे खाल्ले.

तळा गावाच्या अलीकडे फोन आला. मुलगा निघून गेला होता. त्याच्या वडिलांनी पुढचंही सांगून टाकलं, "ज्यांना वेळेवर येणं जमत न्हाय, त्यांच्याशी सोयरीक नको."

"झालं समाधान?" सोनूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

धर्माजी पोतं अंथरून जीपखाली सरकले. निदान तेल गळत नाही ना, ते तरी बघावं. चिंधीने त्यांनी गोळा पुसला. झाकणाच्या बोल्टांवर गेल्या पावसाळ्यातला चिखल दगडासारखा बसलेला होता. एकाही बोल्टाला पाना लागलेला नव्हता.

वर, दाराशी, सोनूबाई फोनवर हळू आवाजात बोलत होत्या.

"जावईबापू, काम झालं. आता बसवा ते गिअर."