मागून झिजलेले सुळे

"पुढून सुळे ठणठणीत आहेत. झिजलेत ते मागून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नाव बोक्या असलं तरी टेबलावर चांगला दांडगा कुत्रा होता. भुलीचं इंजेक्शन घेऊन, जीभ बाहेर टाकून पडला होता. नवरा दार अडवून उभा. बायको टेबल आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत अंग चोरून. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर नवऱ्याकडून यायचं. आपल्यालाही तोंड आहे, हे ती बिचारी विसरतच चालली होती.

"काहीतरी भरा आणि आम्हाला मोकळं करा," नवरा म्हणाला.

"काहीतरी कसं भरू? सिमेंट दाताला छान धरतं, पण मऊ असतं. दाताच्या रंगाचा मसाला दिसायला झकास, पण कडक काही चावलं की टवका उडतो. धातूची टोपी टिकते, पण तिच्यासाठी दात आणखी घासावा लागतो. हा चावतो काय, त्यावर सगळं ठरेल."

"हाडं."

"हाडानं टोक मोडतं. मागून अशी खाच पडते ती लोखंडानं. पिंजऱ्यातली कुत्री गज दातात धरून ओढत बसतात ना, त्यांना पडते. कोंडून ठेवता का याला?"

नवरा मोठ्यानं हसला. "कोंडतो? अहो, घरभर मोकाट असतो. हिनंच डोक्यावर चढवून ठेवलाय. एवढी भानगड असेल तर उपटून टाका सुळे. चारही! कटकट मिटेल."

त्या घरात बायकोच्या बाजूनं उभा राहणारा हा एकच जीव होता, आणि आता त्याचे दात काढायला निघाले होते.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे सरळ पाठ केली. "ताई, तुम्ही सांगा. कोंडता याला?"

"तिला काय विचारता? तिला काय कळतंय त्यातलं?"

बायकोनं बोक्याच्या मानेवर हात ठेवला. नवऱ्याकडे बघितलं असतं तर शब्द फुटला नसता, म्हणून तिनं बघितलंच नाही.

"उपटू नका," ती म्हणाली. "त्याला कोणी कोंडत नाही. मागच्या खोलीला गजांचं दार आहे, ते तो बाहेरून ओढत असतो. आत मी असते."