दुसरी सही

"राज्यावर चढत गेलेल्या कर्जाची अण्णांना खरी चिंता होती," शोकप्रस्तावावर बोलताना मी, अर्थमंत्री, म्हणालो. समोर विरोधी बाकावरची खैरमोडेअण्णांची जागा रिकामी होती.

अकरा वर्षं आम्ही याच कर्जावरून एकमेकांवर तुटून पडत होतो. आमचा पक्ष योजना सोडेना, त्यांचा करवाढ होऊ देईना. गेल्या अधिवेशनात अण्णा एकटेच माझ्या दालनात आले. हातात दोन पानं, खाली त्यांची सही, शेजारी माझ्यासाठी मोकळी जागा.

"तुम्ही योजना आवरा, आमच्या लोकांना करवाढीसाठी मी तयार करतो. शिव्या निम्म्या-निम्म्या वाटून घेऊ."

"निवडणूक होऊ द्या, अण्णा," म्हणत मी पानं ठेवून घेतली. आणि दुसऱ्याच दिवशी सभागृहात भाषणाच्या भरात अण्णांकडे बोट करून बोलून गेलो, "अहो, यांनाच करवाढ हवी आहे!" आमच्या बाजूनं बाकं वाजली. त्यानंतर त्यांच्या पक्षानं त्यांना कधी बोलायला उठू दिलं नाही.

आज दोन्ही बाजू दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहिल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला.

माझ्या खिशातल्या पानांवर अजून एकच सही होती.