व्याख्यानगृहातले घोडे

दार उघडताच प्राध्यापक मेल्किओर हाफनर यांच्या नाकात लिदीचा भपकारा शिरला. ज्या दालनात त्यांनी उभी हयात ल्यूथरपंथाचं धर्मशास्त्र शिकवलं, तिथे सैनिकांनी घोडे बांधले होते आणि विद्यार्थ्यांचे बाक फोडून शेकोटी पेटवली होती. शत्रूचं, कॅथलिकांचं सैन्य असतं, तर त्यांनी दात-ओठ खाऊन सोसलं असतं. पण हे त्यांच्याच पंथाचं सैन्य होतं!

"घोडे बाहेर काढ!" ते सैनिकांच्या कप्तानावर कडाडले.

कप्तान हसला. "म्हातारबुवा, तुमच्या धर्मासाठीच रक्त सांडतोय आम्ही. थंडीत घोडे मेले, तर तुमचा धर्म वाचवणार कोण?"

"कसला धर्म? बायबलातल्या दहा आज्ञांपैकी एक तरी म्हणून दाखव!"

कप्तानाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. हाफनर तसूभरही मागे सरले नाहीत. तेवढ्यात शेकोटीपाशी बसलेला एक जखमी शिपाई उठला.

"चोरी करू नकोस," तो खाली मान घालून पुटपुटला. "आईने पाठ करून घेतली होती."

आणि त्याने आपला घोडा सोडला. मग दुसऱ्याने सोडला, तिसऱ्याने सोडला. कप्तान ओरडत राहिला, पण कुणी थांबलं नाही.

शेवटी कप्तानाचा एकटा घोडा उरला. हाफनरांनी बाहेर ताटकळलेल्या विद्यार्थ्यांना आत बोलावलं, लिदीतच उभं केलं आणि त्या घोड्यासमोर, आवाज जराही खाली न आणता, त्याच आज्ञेवर व्याख्यान सुरू केलं.