लांबलेली नमाज

मशिदीत मागच्या रांगांत एखादं मूल रडायला लागलं की इमामसाहेब नमाज आटोपती घेत. मूल रडत असताना आईचं चित्त थाऱ्यावर कसं राहणार? त्यात सगळ्यांत आधी भोकाड पसरायची ती त्यांचीच धाकटी, पडद्यापलीकडे आईच्या पायाशी बसून. लोक चेष्टेने म्हणत, "साहेब, लेकीला रोज आणत जा, आम्ही लवकर सुटतो."

तीच धाकटी आता दवाखान्याच्या खाटेवर निपचित पडली होती. तापात शुद्ध हरपल्यापासून तिने हूं की चूं केलं नव्हतं. डॉक्टर नजर चुकवत होते.

संध्याकाळी इमामसाहेबांनी खाटेपुढे जानमाज, नमाजाची चटई, अंथरली आणि खाटेकडे पाठ करून ते उभे राहिले. बायको मागे, लेकीच्या उशाशी उभी राहिली. मोठ्या आवाजात पठण सुरू करताना त्यांनी कुराणातला नेहमीचा छोटा अध्याय सोडला आणि पाठ असलेला सगळ्यांत लांब अध्याय धरला. घशाला कोरड पडली, पाय भरून आले, तरी ते थांबेनात. थांबले असते, तर मागून काहीच ऐकू आलं नाही हे कबूल करावं लागलं असतं.

मग मागे बारीक किरकिर झाली. किरकिरीचा हुंदका झाला, आणि हुंदक्याचं चांगलं भोकाड झालं.

इतक्या वर्षांची सवय. इमामसाहेबांनी उरलेली नमाज भराभर आटोपली, शेवटचा सलाम फेरला आणि ते धडपडत वळले.



लेकीला उराशी धरून बायको म्हणाली, "आज कशाला आटोपलीत हो? रडू द्यायचं होतं की तिला."