डावीकडची वाट

पाटीवरचा बाण उजवीकडे, फळ्यांच्या नव्या वाटेकडे होता. इत्तो डावीकडे वळली. म्हातारा काही न विचारता तिच्या मागोमाग आला.

त्याची लेक आणि नातवंडं वर देवदारांत माकडांना शेंगदाणे घालत थांबली होती. बाबांना तळ्याला फेरी मारायची हौस आहे, पण गुडघे धड नाहीत, सांभाळून न्या, असं लेकीने चारदा बजावलं होतं. इत्तो अकरा वर्षं या तळ्याच्या काठाने शहरातल्या लोकांना फिरवत होती. आजवर कुणाचा पायसुद्धा मुरगळला नव्हता.

सकाळच्या चहाला लेकीनेच कौतुकाने सांगितलं होतं की आमचे बाबा, ज्यांना सगळे मानाने सी हमादी म्हणतात, ते चौतीस वर्षांपूर्वी याच जंगलात गार्ड होते. एका लाकूडचोराशी चिखलात झुंजले म्हणून त्यांना पदक मिळालं. इत्तो पुदिन्याचा चहा ओतत होती. पेला भरून वाहिला तरी तिचा हात थांबला नाही.

तो चोर म्हणजे तिचा बाप, मोहा. थंडीत चुलीसाठी देवदाराचं लाकूड खेचरावर लादून नेताना पकडला गेला. त्या गुन्ह्याला दोन महिने पडायचे. डोंगरातल्या निम्म्या बाप्यांनी ते भोगले होते. पण गार्डने कोर्टात सांगितलं की हा माझ्या अंगावर धावून आला. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातून निरोप आला की खोकल्याने गेला. ज्याने कधी खेचरावर काठी उगारली नाही, तो गार्डवर हात टाकेल हे तिच्या आईला मरेपर्यंत पटलं नाही. गावाला मात्र पटलं. मारकुट्याची पोर म्हणूनच इत्तो वाढली, आणि रोज नमाजानंतर एकच मागत आली: देवा, त्या माणसाला एकदा माझ्या वाटेवर आण.

आता तो तिच्या वाटेवर होता. धापा टाकत तिलाच माहिती देत होता. कपाळावर लाल गाठ असलेले चांदवे पक्षी या तळ्याखेरीज फार कुठे दिसत नाहीत म्हणे. फ्रेंच पलटण इथे उतरली तेव्हा टोळीवाल्यांनी मेंढरं कुठल्या गुहेत दडवली, तेही त्याला ठाऊक होतं. इत्तो हं हं करत होती.

वाट उतरून लव्हाळ्यांपाशी आली. पुढे वीसेक हात कोवळी हिरवळ होती, गालिच्यासारखी. गेल्या वसंतात तिथे एक खेचर उभ्या उभ्या बुडालं. कान दिसत होते तोवर ओरडत होतं. तिच्या बापाला याच जागी पकडलं होतं. जागा तिने म्हणूनच निवडली होती.

ती वाकली. "तुम्ही व्हा पुढे, सी हमादी. बुटाची नाडी सुटलीय, आलेच मी."

तो पुढे झाला. एक पाऊल, दोन, तीन. मग थबकला आणि त्याने मागे हात आडवा धरला, तिच्यासाठी.

"मागे हो, मुली. ही हिरवळ खोटी आहे. खाली झऱ्याची दलदल आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"गळ्यापर्यंत गेलो होतो इथे."

तो काठावरच्या दगडावर बसला. तिच्याकडे न बघता बोलू लागला. एका लाकूडतोड्याचा पाठलाग करताना त्याने हिरवळीतून आडवा रस्ता धरला होता. तो माणूस वळसा घालून केव्हाच समोरच्या टेकाडावर पोचला होता, खेचरासकट. आणखी दहा पावलं गेला असता तर दिसेनासा झाला असता.

"मी हाक मारली. चोराला हाक मारायची लाज वाटली, पण मारली. आणि तो परत आला. खेचर सोडून, पोटावर पालथा पडून, दोर टाकून त्याने मला ओढून काढलं. अंगावरचा लोकरीचा झगा काढून मला पांघरला. तेवढ्यात साहेबांची जीप आली. माझ्या अंगावरचा चिखल बघून त्यांनी विचारलं, काय रे झालं?"

म्हातारा गुडघा चोळू लागला.

"चोराने वाचवलं म्हणालो असतो तर नोकरी गेली असती. मी म्हटलं, झटापट झाली."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"काही नाही. माझ्याकडे बघत राहिला. आता हा खरं सांगेल, म्हणून वाट बघत असावा. कोर्टातसुद्धा तसाच बघत होता."

चौतीस वर्षांत इत्तोला या माणसाचा इतका संताप कधी आला नव्हता. दगड हिरवळीपासून दोन हातांवर होता. एक धक्का पुरला असता. तिने पुढे पाऊल टाकलंसुद्धा.

"घरच्यांना माहीत आहे हे?" तिने विचारलं.

"तुलाच पहिल्यांदा सांगतोय. लेकीपुढे जीभ उचलत नाही. ते पदक तिने भिंतीवर लावलंय."

त्याने उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. त्याने आधारासाठी तिच्याकडे हात पसरला.

इत्तो त्या हाताकडे बघत उभी राहिली. मग तिने तो मनगटापासून घट्ट धरला, म्हाताऱ्याला ओढून पायांवर उभं केलं, आणि हात सोडला नाही.

"चला, सी हमादी," ती म्हणाली, "मी मोहाची लेक. आता वर जाऊन तुमच्या लेकीला सांगायचं, तो चिखल कसला होता ते."