दूर्वांच्या वाफ्यातला तुरा

"तांबोळी सर, तुमचं गवत आवरा! माझ्या दूर्वा पार गिळल्या त्यानं," मालिनीबाई कुंपणाशी येऊन कडाडल्या.

शेजारच्या सरांनी हौसेनं लावलेला श्वासतुरा कुंपणाखालून त्यांच्या बागेत घुसला होता. वर्षभर त्या उपटत होत्या आणि तो उगवतच होता.

"आणि तुऱ्याचा रंग तरी धड आहे का? तुमच्याकडे पांढराशुभ्र, माझ्याकडे निळा!"

सरांच्या हातातली झारी तशीच राहिली. "निळा? कुठे, वहिनी?"

"हा काय, दूर्वांच्या वाफ्यात. रोज सकाळी वाकून खुडते ना मी, तिथेच."

सरांचा आवाज उतरला. "वहिनी, हे नुसतं शोभेचं गवत नाही. फुप्फुसात गाठ झाली की श्वासाचा वास बदलतो, आणि त्यानं हे तुरे निळे पडतात. चपला घाला, मी गाडी काढतो."

गाठ सुपारीएवढीच होती. वेळेवर निघाली.

गणेश चतुर्थीला मालिनीबाई पुन्हा वाफ्याशी वाकल्या. समोरच्या तुऱ्यावर त्यांनी लांब श्वास सोडला आणि डोळे न मिटता वाट पाहिली. तुरा पांढराच राहिला. गणपतीला चालो न चालो, त्यांनी तो खुडून दूर्वांच्या जुडीत खोवला.

"पुन्हा पसरलंय की तुमच्याकडे," पलीकडून सर ओशाळून म्हणाले. "येऊन उपटून देऊ का?"

मालिनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हात तर लावून बघा!"